ब्याण्णववर थांबलेली दोरी

पालथं पडून छाती उचलायची आणि दहा आकडे धरून ठेवायची, हा माझ्या दुखऱ्या पाठीचा व्यायाम. आकडे मात्र शेजारच्या सुनीताचे. पोलीस भरतीसाठी ती अंगणात मोठ्याने मोजत दोरीवरच्या उड्या मारते. दोरी अडकली की पुन्हा एकपासून, हा तिचाच नियम.

उद्या तिची मैदानी चाचणी. आज मी नव्वदला छाती उचलली आणि ब्याण्णववर तिची दोरी अडकली.

"त्र्याण्णव म्हण नि चालू ठेव," तिची आई म्हणाली. "कोण बघतंय?"

पुढचा आकडा येईना. माझी पाठ थरथरत होती. आयुष्यात कितीदा मी असं त्र्याण्णव म्हणून पुढे गेले होते, आणि रात्री निवांत झोपलेही होते. आज मात्र छाती खाली टेकवेना.

दोरी फरशीवर आपटली.

"एक," सुनीता म्हणाली.

मी दहाची वाट पाहत राहिले.