कानांची तपासणी

साईनाथने बटण दाबलंच नाही.

मी काचेच्या अलीकडे, तो पलीकडच्या बंद खोलीत. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बारीक टिक ऐकू आली तरी दाबायचं, एवढंच काम. या तपासणीला ऑडिओमेट्री म्हणतात. कोणाला किती बारीक आवाज ऐकू येतो, ते यात कळतं. मी आवाज वाढवत गेले. पोरगा समोरच्या भिंतीकडे बघत बसला, जणू तिथं काही लिहिलंय. शेवटी ट्रॅक्टर शेजारून गेल्यासारखा आवाज दिला, तेव्हा त्याने मोठ्या मनाने एकदा बटण दाबलं.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोक मला 'कानाची मॅडम' म्हणतात. नांदेडला माझं छोटं क्लिनिक आहे. साईनाथ मुखेडचा, नुकताच सातवी पास झालेला. सोबत आई-वडील होते. वडील मारोतराव यांची मुखेडला वीस वर्षांपासून पिठाची गिरणी. आवाज असा, की रिसेप्शनवर बोलले तरी आतल्या पेशंटला आपल्यालाच बोलावलंय असं वाटावं.

त्यांची तक्रार साधी होती. पोरगं हाकेला ओ देत नाही, विचारलं तर उत्तर देत नाही, घरात मुक्यासारखं वावरतं. मारोतरावांनी त्यावर दोनच शक्यता काढल्या होत्या. एक तर याला ऐकू येत नाही, नाहीतर हा मुद्दाम करतो.

"कानात खराबी निघाली तर इलाज करा. न्हाई निघाली, तर सोमवारी लातूरला हॉस्टेलात टाकून येतो. जागा सांगून ठेवलीय. तिथं सरळ होतंय."

म्हणजे माझ्या रिपोर्टवर पोराचा मुक्काम ठरणार होता. हे मला पटलं नाही. पण त्याहून मोठी अडचण समोर होती. माझी मशीन सांगत होती, की साईनाथ जवळपास ठार बहिरा आहे. आणि हाच साईनाथ अर्ध्या तासापूर्वी माझ्या रिसेप्शनिस्टशी कोणता बॉलर कुठं चुकला यावर हळू आवाजात वाद घालत होता. जिंकलाही होता.

मुलं असं करतात, हे आम्हाला नवीन नाही. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे. मी आत जाऊन त्याला म्हणाले, "बटण राहू दे. आवाज आला की 'हो' म्हण, नाही आला की 'नाही' म्हण." ही युक्ती खरं तर चिमुरड्यांसाठी. सातवी पास गडी फसेल असं मला वाटलं नव्हतं.

मी अगदी बारीक टिक दिली.

"न्हाई," साईनाथ म्हणाला.

मी थांबले. तोही गप्प. परत टिक दिली, त्याहून बारीक.

"न्हाई."

जितक्या वेळा टिक, तितक्या वेळा बरोबर त्याच क्षणी 'न्हाई'. असे तल्लख कान मला महिन्यातून एखाद्याचेच सापडतात. मी हसू दाबून आत गेले आणि त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. तू पकडला गेलास, असं सांगितल्यावर त्याचे डोळेच भरून आले. मग मला हसू दाबावं लागलं नाही.

त्याला लातूरला जायचं नव्हतं. लातूर वाईट म्हणून नाही. त्याचा मावसभाऊ तिथं मजेत शिकत होता. पण याला घर सोडायचं नव्हतं. मी विचारलं, मग हे घरी का नाही सांगितलंस?

"लई बार सांगितलं, मॅडम. जेवताना सांगितलं, गिरणीत जाऊन सांगितलं. पप्पा कायबी बोलत न्हाईत, दुसरीकडंच बघतेत. मग मीबी बोलायचं सोडलं."

एकाच घरातली दोन माणसं एकमेकांची सारखीच तक्रार घेऊन बसली होती. एवढं ऐकल्यावर कोणत्याही ऑडिओलॉजिस्टच्या डोक्यात दिवा पेटला असता. माझा जरा उशिरा पेटला. वीस वर्षं गिरणी आणि तो टिपेचा आवाज, हे सगळं माझ्यासमोर सकाळपासून बसलेलं होतं.

पण मारोतरावांना 'तुमचे कान तपासते' म्हणायची माझी छाती नव्हती. मी सरळ थाप मारली. म्हटलं, मशीन बरोबर चाललीय का ते पाहायला एका चांगल्या कानांच्या माणसाची गरज आहे. ते लगेच उठले. माझे कान एक नंबर, गिरणीचा पट्टा ढिला झालेला मी नुसत्या आवाजावरून सांगतो, असं म्हणत ते रुबाबात आत जाऊन बसले. साईनाथ आणि त्याची आई माझ्या मागे उभे राहिले.

सुरुवातीचे जाड आवाज मारोतरावांनी पटापट पकडले. मग मी चिरके, उंच आवाज द्यायला सुरुवात केली. मी आवाज दिला की माझ्या मशीनवर एक दिवा लागतो आणि पेशंटने बटण दाबलं की दुसरा. माझा दिवा लागत राहिला. दुसरा लागेना. आत मारोतराव ऐटीत मिशीवरून हात फिरवत होते. आपण पास होतोय याची त्यांना खात्री होती.

साईनाथने हे दोन दिव्यांचं गणित चटकन ओळखलं. तो माझ्या कानाशी वाकला.

"मॅडम, पप्पाबी खोटं करून राहिलेत का?"

"नाही रे," मी म्हणाले. "त्यांना खरंच येत नाहीये ऐकू."

तो काचेला नाक लावून वडिलांकडे बघत राहिला. बराच वेळ. मग आईकडे वळून एवढंच म्हणाला, "म्हंजे त्यांनी ऐकलंच नव्हतं." मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं.

सततच्या मोठ्या आवाजाने कान असेच जातात. आधी उंच आवाज जातात. जाड आवाज शाबूत राहतात, त्यामुळे माणसाला वाटतं, आपल्याला सगळं ऐकू येतं. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यातून पोरांचा आवाज बारीक. ते मान खाली घालून पुटपुटले, की संपलंच.

हे मी मारोतरावांना बाहेर आल्यावर समजावलं. ते भडकले.

"पोराला दाखवायला आणलं अन् मलाच बहिरं केलं का तुम्ही?"

त्यांच्या बायकोने इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "मी धा वर्षं झाले सांगून राहिले, तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हणून. पण तुम्ही ऐकाल तवा ना."

मारोतरावांनी हे ऐकलं नाही. मला हसू आवरेना, म्हणून मी कपाटातून मशीन काढण्याच्या निमित्ताने पाठ फिरवली.

मशीन म्हणजे कानामागे लावायचं श्रवणयंत्र. फक्त ट्रायल म्हणून लावू, नको वाटलं तर काढू, लोक काही म्हणत नाहीत, अशी बरीच मनधरणी केल्यावर ते तयार झाले. त्यांच्या कानांप्रमाणे सेटिंग करून मी ते चालू केलं. मारोतराव दचकले. बायकोने हात हलवला, तर तिच्या बांगड्यांकडे बघायला लागले. मी कागद उलटला, तर माझ्याकडे. हे काय वाजून राहिलंय, म्हणून त्यांनी वर बोट केलं. तो पंखा होता.

साईनाथ त्यांच्या पाठीमागे उभा होता. मी त्याला खुणेनं म्हटलं, बोल. त्याने घसा खाकरला आणि अगदी नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात म्हणाला, "पप्पा, मला लातूरला न्हाई जायचं."

मारोतराव गर्रकन वळले.

"कधी ठरवलास हे?"

"कधीचं सांगून राहिलो तुम्हाला."

"मला?"

"हाव. तुम्हालाच."

मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता आणि आता तो सगळ्यांनाच ऐकू येत होता. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली. मग एकदम उतरलेल्या आवाजात विचारलं, "मग काय करावं म्हणतो?"

"हितंच शिकतो. शाळा सुटली की गिरणीत येतो तुमच्यासंगं."

"गिरणीत पाय ठेवायचा न्हाई," मारोतराव म्हणाले. "कान जातेत."

सोमवारी ते लातूरला गेले नाहीत. काही आठवड्यांनी तिघं पुन्हा माझ्याकडे आले, मशीनच्या सेटिंगसाठी. गिरणीत आता ते मशीन काढून ठेवत होते आणि कानांवर आवाज अडवणारे मोठे मफ लावत होते. जेवताना टीव्ही बंद आणि तोंड समोरासमोर, हा माझा नियमही पाळत होते. पण तक्रार होतीच. पोरगं गप्प बसत नाही. कोणत्या मास्तरांनी कोणाला काय म्हटलं, कोण कसा आऊट झाला, गेममध्ये कोणी कोणाला मारलं, सगळं इत्थंभूत. शिवाय बायको स्वयंपाक करताना आपल्याबद्दल काय काय बोलते, हेही त्यांना आता कळायला लागलं होतं.

"मॅडम, आवाज जरा कमी होतो का? बाकीच्यांचा राहू द्या. ह्या एकट्याचा करा."

तसं होत नाही, म्हटलं. त्यांनी शेजारी बसून काहीतरी सांगत सुटलेल्या पोराकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या मग."

तेव्हापासून मी एक पद्धत पाडून घेतली आहे. पोरगं ऐकत नाही, बोलत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की काहीतरी थाप मारून आई-वडिलांचीही तपासणी करते. बहुतेकांचे कान ठणठणीत निघतात. पोराचेही ठणठणीत, त्यांचेही ठणठणीत. असे रिपोर्ट हातात आले, की मला मारोतरावांची आठवण येते. त्यांचं काम सोपं होतं. त्यांना द्यायला माझ्याकडे मशीन होती.