जळक्या क्लचचा वास

थोरला भाऊ गेला आणि त्याची जुनी मोटार माझ्याकडे आली. पोहरादेवीच्या यात्रेत तो तांड्यातल्या म्हाताऱ्यांना थेट मंदिरापर्यंत न्यायचा. गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी रेटायचा, प्लेट जळायची. गाडी कायम त्या वासानं भरलेली असायची. मी वैतागायचो, "उतरव ना त्याइले, चालतीन ते."

क्लच बदलायला गाडी मानोऱ्याच्या गॅरेजात नेली. मेकॅनिकनं विचारलं, "इंजिनाचं जड चाक, फ्लायव्हील, हलकं टाकू काय? गाडी पळते मस्त, पण गर्दीत बंद पडन."

"जडच टाक. अन् क्लच मजबूत पाह्यजे. म्हाताऱ्याइले घेऊन यात्रेले न्याची हाये."

नवा क्लच जराही न घसरता लागला. घरी येताना चढावर मी त्या वासासाठी मुद्दाम काचा बंद केल्या. गाडीत कसलाच वास नव्हता.