संभाजीनगरात समुद्र शिकवताना

नोकरीतले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. अहवाल, उपस्थितीपत्रकं, मंजुरीच्या फायली जमवाव्या लागतात. किस्से त्यांच्या आडोशाला आपोआप वाढतात, बांधावरच्या गवतासारखे. माझ्याकडं ते अंमळ जास्तच वाढले, कारण मी संभाजीनगरात समुद्र शिकवते. लाटा, प्रवाह, भरती-ओहोटी, पाण्याचं तापमान, खारटपणा, असा सगळा विषय. आणि सगळ्यात जवळचा समुद्र बसनं एका रात्रीच्या अंतरावर!

माझं पद सहायक प्राध्यापकाचं, पण तीन वर्षांपुरतं. तीन वर्षं भरली की समिती येणार आणि हे पद ठेवायचं की बंद करायचं ते सांगणार. पद बंद म्हणजे मीही बंद. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं ऐकायला हरकत नाही.

*

सुरुवात मुलाखतीपासूनच झाली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी माझा प्रबंध चाळला, प्रवाहांवर दोन प्रश्न विचारले, मग चष्मा काढून म्हणाले, "तुमचं सगळं ठीक आहे हो. पण ज्या शहरात समुद्रच नाही, तिथं हा विषय ठेवायचा कशाला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमचे विभागप्रमुख सोनवणे सर शांतपणे म्हणाले, "सर, याच इमारतीत वरच्या मजल्यावर ग्रहतारे शिकवतात. तिथं अजून आमचं कुणी जाऊन आलेलं नाही."

माझी निवड झाली. ती माझ्या प्रबंधामुळं झाली असं मी सगळ्यांना सांगते.

*

माझं गाव देवगाव रंगारी. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा गावी गेले तर चुलते वाटच बघत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. चहाचा कप हातात यायच्या आत त्यांनी मला शेतावर नेलं आणि म्हणाले, "आता सांग, दुसरं बोअर कुठं घ्यावं?"

मी म्हटलं, "तात्या, मी पाण्याची डॉक्टर आहे हे खरं. पण जमिनीखालच्या पाण्याची नाही. माझा अभ्यास समुद्राचा. खाऱ्या पाण्याचा."

तात्या म्हणाले, "व्हय की. पहिल्या बोअरला खारंच लागलंय, म्हणून तर तुला बोलावलं."

*

माझा विषय ऐच्छिक. म्हणजे मुलांनी घेतला तर तो आहे, नाही घेतला तर नाही. त्यामुळं दर जूनमध्ये मी प्रवेशाच्या टेबलापाशी बसते आणि आलेल्या पालकांना हा विषय समजावून सांगते. हे काम संशोधनापेक्षा अवघड आहे.

एका मुलीचे वडील बिडकीनचे. त्यांनी माझं सगळं बोलणं मान हलवत ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी विचारलं, "पर हे शिकून आमच्या बिडकीनला कंपनीत नोकरी लागंल का?"

मला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना. शेजारी सोनवणे सर होते. ते म्हणाले, "बिडकीनला समुद्र आला की पहिला नंबर हिचाच."

वडील बराच वेळ हसले आणि फॉर्मवर सही करून गेले. त्या वर्षी माझ्याकडं सहा विद्यार्थी होते. ही सहावी.

*

प्रयोगशाळेत शेख चाचा आहेत. नोकरीत तीस-एक वर्षं काढलेला माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांच्या दावतीत बिर्याणीच्या देगा सांभाळणारा. गोडं आणि खारं पाणी एकमेकांवर कसं थर धरून राहतं ते मुलांना काचेच्या टाकीत दाखवायचं होतं. मी चाचांना सांगितलं, लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ, समुद्राइतकं.

पाणी तयार झालं. मी खारटपणा मोजायचं यंत्र बुडवलं. पस्तीस! चाचांनी त्यात करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाले, "नमक कम है मॅडम."

मी म्हटलं, "चाचा, मशीन पस्तीस सांगतंय."

"मशीन को बोलने दो. बिर्याणी के पानी से भी कम लगरा."

मीठ पुन्हा तोललं. तराजूवरच्या डब्याचं वजन वजा करायचं राहिलं होतं, आणि यंत्राचा आकडा मागच्या वर्षीपासून पस्तिसावरच अडकलेला होता. तेव्हापासून यंत्र दुरुस्तीला आहे आणि मुलं पाणी चाचांना दाखवून घेतात. चाचांनी समुद्र अजून पाहिलेला नाही.

*

पहिल्या वर्षी समुद्रावर जायची मंजुरी आली नाही, म्हणून मुलांना पैठणला नाथसागरावर नेलं. मच्छीमारांच्या होडीतून यंत्र धरणात सोडायचं आणि वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि खारटपणा टिपायचा. यंत्र या वेळी शेजारच्या विद्यापीठातून मागून आणलेलं होतं, म्हणजे चालू होतं. ऊन कडक होतं, मुलांनी मन लावून काम केलं, मी खूश.

पुढच्या आठवड्यात जर्नलं तपासायला घेतली. सहाच्या सहा जर्नलांत खारटपणा पस्तीस.

मी म्हटलं, "अरे, हे धरण आहे. हे पाणी आपण पितो. आकडा शून्याच्या जवळ यायला हवा."

एकजण म्हणाला, "शून्यच आला होता मॅडम. पण मागच्या बॅचच्या जर्नलात पस्तीस आहे. आम्हाला वाटलं आमचंच काहीतरी चुकलं."

मागची बॅच माझ्या आधीच्या सरांबरोबर खऱ्या समुद्रावर गेली होती. मी सगळ्यांना पुन्हा लिहायला लावलं. पाचजणांनी लिहिलं, एकाचं राहून गेलं. बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त गुण त्या एकाला दिले आणि शेरा मारला, "निरीक्षणं अचूक."

*

दुसऱ्या वर्षी मी समुद्रावरच्या सहलीचा अर्ज वेळेवर केला. सोबत भरती-ओहोटीचं वेळापत्रक जोडलं, कारण किनाऱ्यावरचं काम ओहोटीला करायचं होतं. अर्जातल्या दिवशी ओहोटी पहाटे पाच वाजता होती आणि नंतर संध्याकाळी. दहा दिवसांनी फाईल परत आली. शेरा होता: "ओहोटीची वेळ कार्यालयीन वेळेत बसत नाही. बदल करून फेरसादर करावे."

मी ती फाईल घेऊन तावातावानं सोनवणे सरांकडं गेले. म्हटलं, "सर, यांना चंद्र काय आहे ते तरी माहीत आहे का?"

सरांनी शेरा वाचला. म्हणाले, "भांडू नका. पुढच्या आठवड्यातला दिवस टाका."

ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, आठवडाभरात पाचाची अकरावर येते. हे मी वर्गात शिकवते आणि रागात विसरले होते. नवीन तारीख टाकली. फाईल दोन दिवसांत आली. "सुधारित ओहोटी मंजूर."

*

त्या सहलीतली एक वही आहे. पाण्यात रोवलेल्या पट्टीवरची पातळी दर पंधरा मिनिटांनी वाचायची आणि लिहायची, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. सहाजणांच्या दोन-दोन तासांच्या पाळ्या. पहिली पाळी सोपानची. हा फर्दापूरच्या अलीकडचा, घरची मेंढरं, बोलायला कमी. बस उजाडता उजाडता किनाऱ्यावर पोचली. बाकीच्यांनी फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. सोपान वही घेऊन पट्टीपाशी गेला.

संध्याकाळी मी वही तपासली. सगळ्या चौकटी भरलेल्या, फक्त पहिली रिकामी. मी तशीच खाली सही केली.

तिसरं वर्ष संपताना समिती आली. अध्यक्ष समुद्रावर उभा जन्म काढलेले गृहस्थ, आणि आकडेवारीच्या बाबतीत कडक म्हणून प्रसिद्ध. आदल्या आठवड्यात त्यांनी एका ठिकाणचं असंच पद बंद करायची शिफारस केली होती. मला भीती वाटत होती, हे कबूल करते. या शहरात माझं मन रमलं होतं आणि दुसरीकडं कुठं जागाही नव्हती. त्यांनी टेबलावरची नेमकी तीच वही उचलली, आणि ती चौकट मी तेव्हाच का भरून घेतली नाही असं मला झालं.

"सहाचं वाचन कुठं आहे?"

मागं विद्यार्थ्यांत बसलेला सोपान उभा राहिला. "माझी पाळी व्हती सर."

"झोप लागली होती?"

"नाय सर. जागाच व्हतो."

"मग पट्टी दिसत नव्हती?"

"पट्टी समोरच व्हती सर. पर तिच्याकडं बघितलंच नाय. समुद्राकडंच बघत राहिलो. पहिल्यांदाच बघत व्हतो."

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "पुढच्या आकड्यांवरून सहाचा आकडा काढता आला असता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं."

"आला असता सर. पर मी तो बघितलेला नाय."

अध्यक्ष वही माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "या पानाची झेरॉक्स हवी आहे. अहवालाला जोडायचीय."

मी झेरॉक्स काढून आणली, त्यांनी ती घडी न करता फायलीत ठेवली आणि समिती निघून गेली. पुढचे पंधरा दिवस मी सोपानशी नीट बोलले नाही, याची मला अजून लाज वाटते.

मग अहवालाची प्रत आली. चार पानं होती. शेवटच्या पानावर दोनच ओळी टाईप केलेल्या होत्या.

"शिफारस: पद कायम करावे.

कारण: सोबत जोडलेले पान पाहावे."