तुमच्या आडनावाची चौकशी

तुमच्या आडनावाची चौकशी मी तुमच्या जन्माच्या आधीच केली होती. परवा फोनवर तुम्ही मुलांनी विचारलंत, “आजी, एक्सपोसितो म्हणजे काय?” आणि तुमच्या आईने घाईघाईने फोन आपल्या हातात घेतला. तेव्हाच ठरवलं की सगळं क्रमाने लिहून पाठवायचं. तीच तुम्हाला वाचून दाखवेल. यातला थोडा भाग तिलाही माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीला राहत होतो. तुमचे आजोबा, ज्यांना तुम्ही फक्त फोटोत पाहिलं आहे, औषधांच्या एका कंपनीत इंजिनिअर होते. तुमची आई कॉलेज संपवून नोकरीला लागली होती आणि रविवारी घरी यायची. अशाच एका रविवारी पोह्यांची बशी बाजूला सारून ती म्हणाली, “बाबा, मी लग्न करतेय.”

आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, “आडनाव काय?”

तिने सांगितलं.

“म्हणजे कुठले हे?”

“आधीचे पोर्तो रिकोचे. आता डोव्हरचे.”

“डोव्हर हे काय गाव झालं? ते हायवेवरून बाहेर पडायचं एक्झिट आहे.”

“बाबा, आपणही एक्झिटवरच राहतो.”

मला हसू आलं, पण आजोबांचा चेहरा पाहून मी चहा ओतायला उठले.

आडनावाचा प्रश्न त्यांनी दुष्टपणाने विचारला नव्हता. आमच्यात लग्न ठरताना सगळे हेच विचारत. आडनाव कळलं की दोन-तीन ओळखीच्या घरी विचारायचं, संध्याकाळपर्यंत त्या घराचं मूळ गाव, कुलदैवत, मुलाच्या आजोबांचा तापट स्वभाव, सगळं हाती येई. माझीही चौकशी अशीच झाली होती. आजोबांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. डोव्हर आमच्यापासून गाडीने अगदी जवळ, पण तिथे विचारायचं कोणाला?

मग त्यांना आमच्या रस्त्यावरचा पिझ्झावाला आठवला. त्याच्या पाटीवर जवळजवळ हेच आडनाव होतं, एस्पोसितो. आजोबांच्या हिशोबाने ते भाऊबंदच असणार. शनिवारी ते स्वतः गेले आणि त्याला विचारून आले, डोव्हरचे एक्सपोसितो कसे लोक आहेत म्हणून. परत आले तेव्हा हातात कागदात गुंडाळलेला पिझ्झ्याचा तुकडा होता.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, साहेब, माझं घराणं नेपल्सचं. नेपल्समध्ये अर्ध्या गावाचं हे आडनाव आहे. डोव्हरचे स्पॅनिश बोलणारे, ते वेगळे. मी माझ्या सख्ख्या चुलत्यांनाही नीट ओळखत नाही, तुम्ही कोणाचं विचारताय? आणि वर त्याने हे फुकट दिलं.” तो तुकडा त्यांनी ओट्यावर ठेवला. “अर्ध्या गावाचं एकच आडनाव. याला काय अर्थ आहे?”

मंगळवारी मी लायब्ररीत गेले. मला पुस्तकांत शोधायची सवय, आणि निदान एक गोष्ट तरी मला नीट करता येईल असं वाटलं. तिथल्या बाईंनी आडनावांचा एक जाडजूड कोश काढून दिला. त्यात तुमचं आडनाव होतं. मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘बाहेर ठेवलेला’. पूर्वी स्पेनमध्ये नको असलेली तान्ही मुलं लोक चर्चच्या दाराशी किंवा अनाथालयाच्या पायरीवर ठेवून जात. त्यांच्या आईबापांचं नाव कोणालाच ठाऊक नसे, म्हणून त्या सगळ्यांना हे एकच आडनाव देत. अशी मुलं इतकी होती की आडनाव सगळीकडे पसरलं. इटलीतलं एस्पोसितोही असंच आलेलं. पुढे स्पेनमध्ये कायद्याने ते बदलायची परवानगी मिळाली आणि बऱ्याच जणांनी बदलून टाकलं.

मी ते दोनदा वाचलं. कोश बंद करून बाईंना परत दिला. त्यांनी विचारलं, “हवं ते सापडलं?” मी हो म्हणाले आणि गाडीत येऊन बसून राहिले. आजोबांना घराणं हवं होतं. हे मी त्यांना कसं सांगणार होते? आणि न सांगून तरी काय होणार होतं? मी घरी येऊन कुकर लावला.

मला काही सांगावं लागलंच नाही. पुढच्या रविवारी तुमचे बाबा जेवायला आले. उंच, शांत मुलगा. हाताने जेवायचा प्रयत्न करत होता आणि वरण मनगटापर्यंत ओघळत होतं. आजोबांनी त्यांना सरळ विचारलं, “तुमच्या आडनावाचा अर्थ काय?”

माझा वाढायचा डाव हातातच राहिला.

तुमच्या बाबांनी हात पुसले आणि इंग्रजीत, पण अगदी सावकाश, सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या आजोबांना कोणीतरी चर्चच्या दाराशी ठेवलं होतं. त्याच्या मागचं त्यांना काहीच माहीत नाही.

“मग बदललं का नाही?” आजोबा म्हणाले.

“माझ्या आजोबांना लोक हेच विचारायचे. ते म्हणायचे, बदलून कोणाचं घेऊ?”

मग आजोबांनी स्वतःच्या हाताने त्यांना श्रीखंड वाढलं, जेवण झाल्यावर गाडीपर्यंत सोडायला गेले. परत येऊन मला म्हणाले, “मुलगा चांगला आहे. अगं, पण मी आईला काय कळवू?” त्यांची आई तेव्हा नागपूरला होती, डोळ्यांनी अधू, पण नातवंडांच्या लग्नाची पत्रं दुसऱ्याकडून दोन-दोन वेळा वाचून घेणारी. “ती विचारेल, कोणाचे कोण? मी काय लिहू?”

आईला काय लिहायचं ते ठरेपर्यंत लग्नाला येतो असंही ते म्हणेनात.

थोड्या दिवसांनी एक वाट दिसली. तुमच्या बाबांच्या आई मला फोनवर म्हणाल्या की त्यांच्याकडे लग्न झालं तरी बाई आपलं आडनाव सोडत नाही, आणि मुलं आईबापांची दोन्ही आडनावं लावतात. मी ते आजोबांना सांगितलं तेव्हा किती दिवसांनी ते नीट बसले. “बघ, हे किती चांगलं आहे. ती आपलंच नाव ठेवेल. आईला तसं लिहिता येईल. मी येतो लग्नाला.” लग्नाला कोणता सूट घालायचा हेही त्यांनी त्याच संध्याकाळी ठरवलं.

पण तुमची आई नाही म्हणाली.

“बाबा, मला त्यांचं नाव लावायचंय.”

“अगं, त्यांच्याकडेसुद्धा बायका लावत नाहीत! त्यांची आई स्वतः सांगते.”

“म्हणूनच. त्यांच्या घरात ते नाव आजपर्यंत कोणी मागून घेतलेलं नाही. दॅट्स व्हाय आय वाँट इट.”

“आणि आमचं? आमचं टाकून द्यायचं?”

“तुमचं नाव घ्यायला खूप लोक आहेत, बाबा.”

ती रडत नव्हती, तेही ओरडत नव्हते. दोघंही माझ्याकडे बघत होते, जणू मी दुसऱ्याला समजावून सांगेन. मला तिचं म्हणणं कळत होतं. त्यांचंही कळत होतं. नंतर ती मला जिन्यात म्हणाली, “आई, तू तरी सांग ना त्यांना.” मी रात्री सांगून पाहिलं. ते म्हणाले, “तू तरी तिला सांग.”

लग्न डोव्हरच्या चर्चमध्ये होतं. आता पुढचं तुमच्या आईला माहीत नाही. त्या सकाळी आजोबांनी दाढी केली, तोच सूट घातला, टाय बांधला, बूट पुसले आणि खाली येऊन सोफ्यावर बसले. मी पैठणी नेसून दाराशी किल्ली घेऊन उभी. बराच वेळ उभी होते. मग ते म्हणाले, “तू जा. उशीर होईल.”

“अहो, तयार तर झालात.”

“तू जा.”

मी गेले. गाडी मागे घेताना खिडकीतून ते दिसत होते. चर्चमध्ये तुमच्या बाबांच्या आईंनी माझ्या मागे पाहिलं, मग काही न विचारता माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. शेवटी पाद्र्यांनी नव्या जोडप्याला तुमच्या बाबांच्या आडनावाने हाक मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमची आई वळली आणि तिने पहिल्यांदा माझ्या शेजारची रिकामी जागा पाहिली.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आजोबा अजून सुटातच होते. दिवा लावला नव्हता. मी दिवा लावला.

“कोणतं आडनाव लावलं?”

“त्यांचंच.”

त्यांनी मान हलवली. तुमच्या बाबांच्या आईंनी आमच्यासाठी वेगळा, मांस न घालता केलेला भात डब्यात दिला होता, हिरव्या तुरीचे दाणे घातलेला. मी तो गरम करून त्यांच्यापुढे ठेवला. टाय न सोडता ते जेवायला बसले.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

मी मीठ आणून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही. सगळा भात तसाच संपवला, ताटातला दाणा न् दाणा टिपून, आणि मी समोर बसून राहिले.