न लावलेला अंगठा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी कान गरम होतात. त्या तपासाबद्दल मला वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र मिळालं. ते अजून पेटीत आहे. त्यातली निम्मी हकिकत चुकीची आहे आणि ती मीच तशी लिहून पाठवली होती. ऐंशी ओलांडल्यावर तरी ती दुरुस्त करावी म्हणून हे लिहितो. नाव कुणाचंच देत नाही.

महायुद्धाचे दिवस होते. नगर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, शेवगाव-तिसगावच्या पट्ट्यातल्या एका लहान ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. चामडं लष्कराकडे जात होतं, त्यामुळे गावात विहिरीचं पाणी ओढायची चामड्याची मोट शिवून मिळणं दुरापास्त झालं होतं. अशात एका बागाईतदाराची मोट विहिरीवरून चोरीला गेली. कांद्याची लागण नुकतीच झालेली. पाणी थांबलं तर पीक हातचं जाणार.

तिसऱ्या दिवशी फिर्यादीचा चुलतभाऊ खबर घेऊन आला. "सायेब, माझं नाव मधी आनू नगा. पर हजेरीवाल्याच्या झोपडीत कडबा रचलाय, त्याच्याखाली बघा."

हजेरीवाला म्हणजे ज्याची जातच त्या वेळच्या कायद्याने गुन्हेगार ठरवली होती असा माणूस. सकाळ-संध्याकाळ पोलीस पाटलापुढे उभं राहून त्याला हजेरी द्यावी लागे. तालुक्यात काहीही हरवलं की आधी त्याची झडती व्हायची. आम्ही गेलो. कडब्याखाली मोट मिळाली. फिर्यादीने तिच्याकडे पाहून "अशीच व्हती" म्हटलं आणि आम्ही हजेरीवाल्याला उचलला.

"म्या न्हाई ठिवली, सायेब," एवढंच तो म्हणत राहिला. त्याला मार बसला. मी मारलं नाही. मी दारात उभा होतो. इतकी वर्षं मी या दोन वाक्यांतल्या पहिल्यानेच स्वतःची समजूत घालत आलो.

खटल्यासाठी मुद्देमालाची ओळख पटवायची होती. फिर्यादीची मोट शिवणारे कारागीर शेजारच्या गावचे, साठीच्या पुढचे चांभार. मी त्यांना ठाण्यात बोलावलं. आमच्या ठाण्याची रीत अशी की जमादार पंचनामा आधीच लिहून ठेवायचा. पंचांनी येऊन सह्या-अंगठे करायचे आणि चहा पिऊन जायचं. मी ती रीत आल्या दिवसापासून चालवून घेतली होती. वडील शिक्षक, घरात खरेपणाचे धडे भरपूर. पण ते घरी, आणि ठाणं हे ठाणं, असं मी मनाशी वाटून घेतलं होतं.

"लाव अंगठा," मी म्हणालो. आज लिहिताना 'ते' म्हणतो, तेव्हा अरेतुरे करत होतो.

"काय लिव्हलंय, वाचून दावा."

जमादाराने वाचलं, 'ही मोट मी स्वतः शिवलेली असून.' त्यांनी समोर ठेवलेल्या मोटेकडे पाहून मान हलवली. "ह्यो टाका माझा न्हाई."

"तुला काय करायचंय? चोर सापडलाय."

"सापडला असंल. पर मी बघितल्याबिगर अंगठा लावत न्हाई, अन् बघितलं तर टाका माझा न्हाई. दोनीकडून अडलं बघा."

मी चिडलो आणि त्यांना ठाण्यातच बसवून ठेवलं. दोन दिवस. कागदावर त्याची कुठे नोंद नाही. त्यांनी तक्रार केली नाही. पिशवीतून आरी काढली आणि शिपायांच्या तुटक्या वहाणा शिवत बसले. जमादार मला म्हणाला, "सायेब, म्हाताऱ्याला अजून आठवडाभर ठेवू. माझ्या सासऱ्याच्या वहाणा मागवून घेतो."

सगळे हसले. मीही हसलो, पण तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. शिपायाची फुकट शिवायची वहाण. तरी एक टाका वाकडा आला तसा त्यांनी तो उसवला आणि पुन्हा घातला. कुणी पाहत नव्हतं. मी मात्र न वाचलेल्या कागदांवर रोज सही करत होतो.

तिसऱ्या सकाळी मी त्यांच्यासमोर बसलो. "तुमची मोट कुठे असेल?"

त्यांनी आरी खाली ठेवली. "आत्ता इचारलंत. परवापासनं नुसतं अंगठा लाव, अंगठा लाव. सायेब, ही झोपडीतली मोट फाटलीया, वाळून ताठ झालीया. लई दिवसांत पान्यात गेलेली न्हाई. माझी मोट आठ रोजामागं चालू व्हती. अन् मोट चोरनारा ती कडब्यात कशाला घालंल? त्याला पानी पायजे. चालत्या हिरी बघा. पानी वतायची सोंड जोडलीय तिथं माझा टाका दुहेरी असतो."

आम्ही दुपारपर्यंत सात विहिरी पाहिल्या. आठवी फिर्यादीच्या चुलतभावाची. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरत होते, मोट वर येत होती. कारागिरांनी ओल्या सोंडेवर बोट फिरवलं, आणि त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी नंतर कुठल्याही न्यायालयात पाहिलं नाही. "ही माझी."

चुलतभाऊ धावेवरच बसला. त्याची मोट फाटली होती, नवी मिळत नव्हती. भावाची उचलली आणि स्वतःची फाटकी हजेरीवाल्याच्या कडब्यात नेऊन टाकली. "त्याच्याकडं सापडली तर कोन इचारतंय, असं वाटलं," तो म्हणाला. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्याच दिवशी मी जुना पंचनामा रद्द केला. कारण सरळ लिहिलं, 'पाहण्याआधी लिहिलेला.' नवा विहिरीवर बसून लिहिला. म्हाताऱ्यांनी तो दोनदा वाचून दाखवायला लावला, मग अंगठा लावला. हजेरीवाला संध्याकाळच्या आत सुटला. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना त्याने मागे वळून मला नाही, दारात उभ्या कारागिरांना हात जोडले. कांदाही वाचला.

पुढची सगळी नोकरी मी एक नियम पाळला. पाहिलं नाही ते लिहायचं नाही, वाचून दाखवलं नाही त्यावर कुणाचा अंगठा घ्यायचा नाही. रोज घरी जाण्याआधी त्या दिवसाच्या सह्या एकदा आठवून पाहायचो. पुढे जिथे बदली झाली तिथली आधी लिहायची रीत मी पहिल्याच दिवशी मोडली. माझा एकही पंचनामा कोर्टात खोटा ठरला नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

एकच कागद मात्र राहून गेला होता. वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, 'कौशल्याने चौकशी करून छडा लावला.' त्या मारहाणीचा, दोन दिवसांचा आणि त्या कारागिराचा त्यात उल्लेख नव्हता. म्हणून आज लिहितो: चोरी त्यांनी शोधली. मी त्यांच्या मागून चाललो.

हे आत्ता मोठ्याने दोनदा वाचून पाहिलं. आता सही करतो.