उड्या तिच्या, गोळ्या माझ्या

बायको गेल्यावर घरात एकच प्रश्न उरला होता. मुलीनं कुठं राहायचं?

मुलगी पहिलीत होती. मी बारामतीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. स्वयंपाकाची सवय नाही, वेणी घालता येत नाही. बावड्याचे मामा-मामी म्हणत होते, पोर आमच्याकडं द्या, शाळा घराला लागूनच आहे. हे मामा माझ्या आईचे सख्खे भाऊ, आणि सासरेही. त्यांचीच मुलगी मी केली होती. त्यामुळं त्यांना परक्यासारखं नाही म्हणता येत नव्हतं आणि घरच्यासारखं भांडताही येत नव्हतं.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर मामा माझ्याशेजारी येऊन बसले.

"पावणं, घाई न्हाय. सव्वा म्हैना जाऊ द्या, मग आमी येतो. तुमी म्हनला ठिवतो, तर ठिवा. पोर तुमची हाय."

मामी पलीकडं बसल्या होत्या. त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या.

म्हणजे मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ती माझ्यापाशी राहील, एवढंच. मी ते वाक्य कॉलेजला जाता-येता मनात घोकत असे. त्याच्यापुढं कारणं जोडत असे. शेजारच्या वहिनी दुपारी बघतील, मी पाचला घरी येतो, मला पोळ्या जमायला लागल्यात.

आमच्या शेळगावच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. शिकून पुस्तकांत जाऊन बसलेला मी पहिलाच. मामांना त्याचं फार कौतुक. बावड्यात कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आमचा जावाई पुस्तकात असतो." मी वाचायचो, हे खरंच होतं. पण संध्याकाळी घरी आल्यावर मी काय करायचो, ते फक्त माझ्या बायकोला माहीत होतं.

मी टीव्हीवरचा गेम खेळायचो.

तो मी इंदापूरला स्टँडजवळच्या दुकानातून आणला होता. काळा डबा, दोन रिमोट, वर खोचायची एक कॅसेट. दुकानदारानं विचारलं, "मुलाला का?" मी म्हणालो, मुलीला. मुलगी तेव्हा रांगत होती आणि मी तिशी ओलांडली होती. बारामतीतही स्टँडमागं गेमचं एक दुकान होतं, तिथं खेळता आलं असतं. पण तिथं आमच्या कॉलेजची पोरं असायची. ग्रंथालयात शांतता पाळा म्हणून ज्यांना सांगायचं, त्यांच्या रांगेत नंबर लावून कसं उभं राहायचं?

त्या गेममध्ये एक शिपाई होता. तो डावीकडून उजवीकडं पळायचा, उड्या मारायचा, गोळ्या झाडायचा. खड्ड्यात पडला की मरायचा. लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून. मला त्यात काय आवडायचं हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पुस्तक मिटलं तरी डोक्यात चालू राहतं. हा खेळ चालू असताना डोक्यात काहीच चालू नसे, एवढंच उत्तर मला सापडलं, आणि तेही मला कधी कुणाला सांगावंसं वाटलं नाही.

बायको आतून विचारायची, "अहो, मेला का तुमचा शिपाई? मग जेवायला या." दारात कुणी आलं की ती चपळाईनं टीव्हीचा आवाज बंद करायची, वर क्रोशाचं झाकण टाकायची आणि दार उघडून सांगायची, "वाचत बसलेत. बोलवू का?" माणूस तिथूनच, नको नको, राहू द्या, म्हणून परत जायचा. मग ती पदर तोंडावर धरून हसायची. "माझ्यामुळं विद्वान आहात बघा," म्हणायची. मीही हसायचो. लाज वाटायचीच, पण ती दोघांत वाटलेली होती. पुढं ती सगळी माझ्या एकट्याच्या वाट्याला आली.

दुःखाच्या घरात टीव्ही लावत नाहीत. आम्हीही लावला नव्हता. तेरावं झाल्यावर शेजारच्या वहिनीच म्हणाल्या, "पोरीसाठी तरी लावा भाऊजी, किती गप्प झालीय ती." मी टीव्ही लावला. बातम्या लावल्या नाहीत, चित्रहारही नाही. डबा काढला.

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मला पण." मी दुसरा रिमोट जोडून दिला. दोन रिमोट जोडले की दोन शिपाई यायचे, निळा आणि तांबडा. तिचा तांबडा मागंच उभा राहायचा, नाहीतर पहिल्या खड्ड्यात पडायचा. आणि तो मागं राहिला की माझ्यासाठी पडदा पुढं सरकायचा नाही. मी तिला समजावलं, ओरडलोही. एकदा ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी तिच्या रिमोटची पिन काढली आणि वायर चटईखाली सारली.

ती आली, तिनं विचारलं, "माझा तांबडा कुठाय?"

"आता दोघांत एकच," मी म्हणालो. "उड्या तुझ्या, गोळ्या माझ्या."

तिला ते पटलं. ती दोन्ही हातांत रिमोट घट्ट धरून बसायची आणि खड्डा आला की अंगठा दाबायची. शिपाई पलीकडं गेला की ओरडायची, "बघा कशी मारली!" मी म्हणायचो, शाब्बास. शिपाई पडला तर तिचा चेहरा उतरायचा. "माझं चुकलं पप्पा." ते माझं चुकलेलं असे. मी म्हणायचो, असू दे, पुन्हा मार.

आणि खरं सांगायचं तर त्याच दिवसांत ती नीट जेवायला लागली होती. शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून विचारायची, लाईट आहे का?

सव्वा महिना झाला. रविवारी दुपारच्या गाडीनं येतो, असा मामांचा निरोप आला. मी सकाळी घर झाडलं, भांडी घासली, मुलीला न्हाऊ घातलं. वाक्य तयार होतं. दुपारला अवकाश होता, म्हणून म्हटलं एकदा बसू. त्या दिवशी शिपाई कधी नव्हे इतका पुढं गेला. एक मोठी तोफ होती, तिच्यापर्यंत मी पूर्वी कधी पोचलो नव्हतो. तेवढ्यात दार वाजलं. पेपरवाला बिलाला आला असेल, असं मला वाटलं. मी पडद्यावरची नजर न काढता म्हणालो, "बघ गं कोण आहे."

मुलीनं दार उघडलं. तिचा आवाज मला ऐकू आला.

"आजी! आत नका येऊ, थांबा. पप्पा खेळतायत. त्यांचा माणूस मरंल."

मग तिनं समजावूनही सांगितलं, "मेला की परत पहिल्यापासनं असतं."

मी उठलो. मामी उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात पिशवी, डोक्यावरचा पदर सावरायचं भान नाही. त्यांची मुलगी जाऊन सव्वा महिना झाला होता. मागं मामा होते. मार्केट यार्डात येणारा गावातला टेम्पो मिळाला म्हणून ते सकाळीच आले होते. माझ्यामागं टीव्हीवर शिपाई मेल्याचं संगीत वाजलं. मला बटण सापडेना.

मामाच आत आले, चटईवर बसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरीला आणलाय व्हय खेळ? बरं केलं. जीव रमंल तिचा."

मामांनी मला वाट करून दिली होती. मी नुसतं हूं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"माझा न्हाय आबा, पप्पांचाय," मुलगी म्हणाली. "पण मला पण देतात. मी उड्या मारते."

"उड्या मारती? दाव बघू."

तिनं रिमोट आणून आबांच्या हातात दिला. मामांची सगळी हयात पाण्याच्या मोटारी उघडण्यात गेलेली. हातात वायर आली की त्यांची बोटं आपसूक तिच्या टोकाकडं जायची. चटईखालून वायर सरसर निघाली आणि पिन त्यांच्या तळहातावर आली.

"आगं, तुझी वायर तर सुटलीय. आन हिकडं, कुठं गुतवायची ती? लावून देतो."

"सुटली न्हाय," ती म्हणाली. "तशीच असती."

"तशी कशी आसंल येडे? हिला करंट कुठनं—" मामा हसत होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हसायचे थांबले. पिन त्यांनी हळूच चटईवर ठेवली.

मुलीनं ती उचलली. डब्याच्या पुढच्या रिकाम्या भोकाकडं पाहिलं, शेजारी माझी पिन बसलेली होती तिकडं पाहिलं. मग तिनं टीव्हीकडं तोंड करून अंगठा दाबला. पुन्हा दाबला. पडद्यावर काही हललं नाही. ती रडली नाही. रिमोटला वायर गुंडाळली आणि तो खाली ठेवून मामींच्या मांडीला टेकून बसली.

मी चहा टाकला. मामींनी पिशवीतून पुरणपोळ्या काढल्या. दुःखाच्या घरात गोड करतात तशा त्या आणल्या होत्या. "खावा," म्हणाल्या, "तोंड गोड केल्याबगर कसं उठायचं." मी खाल्ली.

जेवणं झाल्यावर मामांनी विचारलं, "मग पावणं, काय ठरीवलं?"

वाक्य तोंडाशी होतं. शेजारच्या वहिनी, पाचची वेळ, पोळ्या, सगळं होतं. पण ते बोलायला मुलीकडं बघावं लागलं असतं. मी खाली बघत राहिलो. वाट पाहून मामींनीच तिला विचारलं, "तुला यायचं का बावड्याला?"

"येते," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

मामा म्हणाले, "पोर हाय. चार दिस ऱ्हाईल, मग करमंना तिला, बघा." ते माझ्यासाठी होतं. मामी मुलीचे फ्रॉक घडी करत होत्या. त्या माझ्यासाठी काही म्हणाल्या नाहीत.

बावड्याला जायला इंदापूरला गाडी बदलावी लागायची, म्हणून तिथपर्यंत मीही गेलो. वाटेत ती मामांच्या मांडीवर झोपली. इंदापूरच्या स्टँडवर बावड्याची गाडी लागली तशी मामांनी खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. मी ट्रंक वर चढवली. मामी चढताना म्हणाल्या, "शनवारी येत जावा. मधीआधी नगं. तुमास्नी बघितलं की मन माघारी वडंल तिचं."

"येतो," मी म्हणालो.

ती बावड्यालाच दहावी झाली. शनिवारी मी जात राहिलो. तिनं त्या वायरचा विषय कधीही काढला नाही. आता ती स्वतः आई आहे, तरीही नाही. मामा आणि मामी दोघंही गेले. त्यांच्याशीही मी त्याबद्दल कधी बोललो नाही.

त्या दिवशी गाडी सुटायच्या आधी तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझी बाही धरली होती.

"पप्पा, तुम्ही एकटे जाणार परत?"

"हो."

"मग खिडकीपाशी बसा. मळमळत नाही."

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा होती. मी बारामतीपर्यंत उभ्यानंच आलो.