गयाबाईंची खूण

शहरात, गारखेड्यात, आमच्या शेजारी राहणाऱ्या गयाबाई कुणालाही हात करून बोलवत नसत. नातवंडं लांब खेळत असली, तर उन्हातून चालत जात आणि खांद्याला हात लावून म्हणत, "चला, भाकरी झाली." रिक्षालाही हात दाखवत नसत, नाक्यापर्यंत पायी जात. मला तो त्यांचा स्वभाव वाटे. एका दुपारी ज्वारी निवडताना त्यांनीच कारण सांगितलं.

मुलाकडे शहरात येण्याआधी त्या वैजापूरकडे शेतावर राहत. एका सकाळी एक लहान विमान खाली येऊन घिरट्या घालू लागलं. इंजिन मधेच बंद पडत होतं. वरून त्यांचं सपाट, मोकळं रान नजरेत भरलं असणार. पण ते नुकतंच भिजवलेलं होतं. वर सुकलेली खपली आणि खाली चिखल.

"पाय ठिवला की गुडघ्यापर्यंत जायाचा. मला ठावं व्हतं ना," त्या म्हणाल्या. "मी पळत सुटले. पदर हालवून सांगत व्हते, इथं नको बाबा, म्होरं जा."

विमान टेकलं, चाकं रुतली आणि ते नाकावर जाऊन उलटलं. आत एकटाच तरुण वैमानिक पट्ट्यांत लटकत होता. गयाबाईंनी विळ्यानं पट्टे कापले, त्याला बाहेर ओढलं, डोकं मांडीवर घेतलं. माणसं बैलगाडी आणायला धावली. तो शुद्धीवर होता. पाणी प्यायला आणि म्हणाला, "माँजी, आपने बुलाया, तो जगह दिखी."

"मग?" मी विचारलं.

"मरणाऱ्याला काय सांगू? व्हय म्हणले."

गाडी येण्याआधीच तो गेला.

काही दिवसांनी त्याची आई ती जागा पाहायला आली. गयाबाईंनी तिच्यापासून काही लपवलं नाही. आपण पदर हलवून 'नको' म्हणत होतो, त्याला ते 'ये' वाटलं, असं सरळ सांगून टाकलं.  ती बाई वाकून गयाबाईंच्या पाया पडली. म्हणाली, "शेवटी तो तुमच्या मांडीवर होता."

गयाबाईंचा सुपातला हात थांबला होता.

"शिव्या दिल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते," त्या म्हणाल्या. "पाया पडली अन् मला कायमचं बांधून गेली."